आत कोण कोण आहे? व्हिडिओ कॉलच्या सुरक्षेचा अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

व्हिडिओ कॉलच्या सुरक्षेवर काम करतो असे कळले, की लग्नाची पंगत असो वा विद्यापीठातले चर्चासत्र, समोरून हमखास एकच प्रश्न येतो: "मग कुठलं अ‍ॅप वापरायचं, तेवढं सांगा." प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी उलटा प्रश्न विचारावा लागतो आणि तो ऐकून विचारणाऱ्याचा विरस होतो. सुरक्षित हवे, ते कोणापासून? शेजारच्या खोलीतल्या सासूपासून, ऑफिसातल्या साहेबापासून, फुकटच्या वायफायवर टपून बसलेल्या भामट्यापासून, अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीपासून, की सरकारपासून? या पाचही जणांपासून एकाच वेळी वाचवणारे अ‍ॅप अजून कोणी लिहिलेले नाही, आणि लिहिले तर ते वापरायला कोणी तयार होईल असे मला वाटत नाही. पुढच्या पानांत ज्या विषयाची ओळख करून द्यायची आहे, तो सारा या 'कोणापासून'भोवती फिरतो.

एक प्रसंग बघा. २० नोव्हेंबर २०२० रोजी युरोपीय संघाच्या संरक्षणमंत्र्यांची बैठक व्हिडिओवर चालू होती. नेदरलँड्सच्या संरक्षणमंत्री आंक बाइलेफेल्ड यांच्या ट्विटर खात्यावर त्या कामकाजाचा एक फोटो पडला. फोटोत बैठकीत शिरण्यासाठी लागणारी माहिती दिसत होती, सहा आकडी पिनचे पाच आकडेसुद्धा. आरटीएल या डच वाहिनीचा पत्रकार डॅनिएल फेरलान याला उरलेल्या एका आकड्यासाठी फार तर दहा प्रयत्न पुरणार होते. थोड्याच वेळात तो मंत्र्यांच्या पडद्यावर उगवला आणि हात हलवू लागला. आपण गुप्त बैठकीत घुसला आहात हे ठाऊक आहे ना, असे संघाचे परराष्ट्र धोरणप्रमुख जोसेप बोरेल यांनी त्याला विचारले. त्याने माफी मागितली, पत्रकार असल्याचे सांगितले आणि तो निघून गेला. या सगळ्यात एन्क्रिप्शनला, म्हणजे बोलणे कुलूपबंद करणाऱ्या गणिताला, कोणी बोटही लावले नव्हते. घुसखोराला आत घेणारे कुलूप आपले काम चोख करत होते.

विषय वाटतो तितका नवा नाही. जर्मन टपाल खात्याने १ मार्च १९३६ रोजी बर्लिन आणि लाइपझिग या शहरांदरम्यान चेहरा दिसणाऱ्या टेलिफोनची सार्वजनिक सेवा सुरू केली होती. पोस्टाच्या बूथमध्ये जायचे आणि बोलायचे. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'पिक्चरफोन' मांडला, १९७० मध्ये पिट्सबर्ग शहरात त्याची विक्री सुरू केली, आणि तो सपशेल आपटला. तो महाग होता आणि दुसऱ्या टोकाला कोणाकडेच नव्हता, ही कारणे खरीच. पण फोन आला की केस विंचरून बसायचे, ही कल्पनाही अनेकांना रुचली नाही. पुढे २००३ मध्ये स्काइप आले, २००६ मध्ये त्यात व्हिडिओ आला, आणि कोथरूड, दादर, डोंबिवलीतल्या घरांत अमेरिकेतल्या मुलांशी रविवारी सकाळी बोलण्याची रीत पडली. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले. मधल्या काळात, २०१३ साली, एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेल्या कागदपत्रांत अमेरिकेच्या प्रिझम या पाळत-कार्यक्रमातल्या कंपन्यांच्या यादीत स्काइपचे नाव निघाले. त्या बातमीने रविवारचा एकही कॉल रद्द झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लोक बेफिकीर असतात असा निष्कर्ष यावरून काढायची घाई करू नये. नातवाचा चेहरा आणि दूरदेशीचे गुप्तहेर खाते यांच्यातली निवड त्या घरांतल्या आजीने केली होती, आणि तिच्यापुरती ती शहाणपणाची होती.

या अभ्यासाला खरे वळण लागले ते २०२० मध्ये, आणि त्याचे श्रेय म्हणा की अपश्रेय, झूमकडे जाते. डिसेंबर २०१९ मध्ये झूमवरच्या बैठकांना रोज जास्तीत जास्त एक कोटी हजेऱ्या लागत. मार्चमध्ये त्या वीस कोटींवर गेल्या, एप्रिलमध्ये तीस कोटींवर. (कंपनीने आधी 'तीस कोटी वापरकर्ते' असे लिहिले आणि मग निमूटपणे ते बदलून 'सहभागी' केले. एकाच माणसाने दिवसात पाच बैठका केल्या तर तो पाच वेळा मोजला जातो. आकड्यांकडे कसे पाहावे याचा हा पहिला धडा.) कार्यालयांसाठी बनवलेले अवजार असे एकाएकी शाळा, दवाखाने, भजनी मंडळे आणि मंत्रिमंडळे यांच्या हाती गेले, आणि त्याच आठवड्यांत जगभरचे सुरक्षा-संशोधक घरात अडकून पडले होते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर जे व्हायचे ते झाले.

मार्चच्या अखेरीस 'द इंटरसेप्ट'ने दाखवून दिले की कंपनी ज्याला 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' म्हणत होती, ते तसे नव्हते. बोलणे तुमच्या फोनपासून झूमच्या सर्व्हरपर्यंत कुलूपबंद जाई, पण किल्ली सर्व्हरकडेही असे. एंड-टू-एंडचा सगळा मतलबच हा, की किल्ली फक्त बोलणाऱ्यांकडे असावी आणि मधल्याला ती मिळूच नये. ३ एप्रिलला टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबमधल्या बिल मार्कझॅक आणि जॉन स्कॉट-रेल्टन यांनी आणखी खोदले. जाहिरातीत २५६ बिटांची किल्ली होती, प्रत्यक्षात १२८ बिटांची निघाली. एका बैठकीतल्या सगळ्यांना एकच किल्ली दिली जात होती. उत्तर अमेरिकेतल्या चाचणी कॉलमध्ये ती किल्ली बीजिंगमधल्या सर्व्हरकडून ये-जा करताना दिसली. आणि कुलूप वापरले होते ईसीबी पद्धतीने. या पद्धतीत सारख्या तुकड्याचे रूपांतर दर वेळी सारखेच होते, म्हणून तपशील झाकले तरी आकृती उमटून दिसते. क्रिप्टोग्राफीच्या पहिल्याच सत्रात, लिनक्सच्या पेंग्विनचे चित्र ईसीबीने झाकून, 'हे असे करू नये' म्हणून दाखवतात. पेंग्विन ओळखू येतो.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०२० मध्ये झूमशी तडजोड जाहीर केली. कंपनी निदान २०१६ पासून ग्राहकांची दिशाभूल करत होती, असा आयोगाचा आरोप होता. ग्राहकांनी लावलेला वेगळा दावा २०२१ मध्ये साडेआठ कोटी डॉलरवर मिटवण्याचे ठरले. दरम्यान कंपनीने नव्वद दिवस नवी वैशिष्ट्ये आणणे थांबवले, मे २०२० मध्ये कीबेस ही एन्क्रिप्शनमधली कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबरमध्ये खरोखरीचे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन द्यायला सुरुवात केली. ते फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळेल असे आधी ठरले होते. ओरड झाल्यावर फुकट वापरणाऱ्यांनाही मिळाले. मला झूमवर विशेष राग नाही. ते सर्वांत वाईट अ‍ॅप होते असे म्हणायला पुरावा नाही, सर्वांत जास्त तपासले गेलेले मात्र नक्की होते. ज्या अ‍ॅपबद्दल एकही वाईट बातमी नाही त्याच्याबद्दल मला जास्त शंका येते.

आपल्याकडे १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचे पत्रक काढले आणि सरकारी कामासाठी ते वापरू नये असे बजावले. पाठोपाठ इलेक्ट्रॉनिक्स व माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने देशी अ‍ॅपसाठी स्पर्धा घेतली. ऑगस्टमध्ये केरळातल्या टेकजेन्शिया कंपनीचे 'व्हीकन्सोल' त्यात पहिले आले. देशी पर्याय असणे चांगलेच. परंतु सर्व्हर बीजिंगऐवजी आपल्या देशात आहे, याने 'कोणापासून' या प्रश्नाचे एकच उत्तर बदलते, बाकीची तशीच राहतात. त्या काळच्या मराठी वर्तमानपत्री चर्चेत हा फरक क्वचितच कोणी केला.

गटाच्या कॉलमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन अवघड का, हे इथेच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचे बरेच कळणार नाही. दोघांच्या कॉलमध्ये चित्र आणि आवाज एका फोनमधून दुसऱ्यात थेट जाऊ शकतो. वीस जणांच्या बैठकीत प्रत्येकाने एकोणीस जणांना वेगळा व्हिडिओ पाठवायचा तर घरचे इंटरनेट मान टाकेल. म्हणून मध्ये सर्व्हर लागतो. प्रत्येकजण आपला व्हिडिओ एकदाच त्याच्याकडे पाठवतो आणि ज्याचे नेट चांगले त्याला स्पष्ट, ज्याचे मंद त्याला धूसर, असे तो वाटून देतो. हे वाटप आतला मजकूर न उघडताही करता येते. मात्र बैठक कंपनीच्या ढगात रेकॉर्ड करायची, खाली आपोआप उमटणारी वाक्ये हवीत, कोणाला साध्या फोनवरून सामील व्हायचे आहे, असे म्हटले की सर्व्हरला मजकूर उघडावा लागतो. शिवाय माणसे येतात-जातात. उशिरा आलेल्याला आधीचे ऐकता येऊ नये आणि निघून गेलेल्याला नंतरचे, यासाठी दर वेळी किल्ल्या बदलाव्या लागतात. हे मोठ्या गटात झटपट कसे करावे याचे एमएलएस हे मानक जुलै २०२३ मध्ये, म्हणजे अगदी कालपरवा, प्रसिद्ध झाले. सोय आणि गोपनीयता यांची ही ओढाताण गणितात सुटत नाही. तिथे कोणीतरी निवड करते, आणि बहुतेक वेळा ती कंपनीने सेटिंग्जच्या पानावर आधीच करून ठेवलेली असते.

आता आगंतुकांकडे वळू. २०२० मध्ये वर्गांत आणि प्रार्थनासभांत अनोळखी लोक घुसून शिव्या देऊ लागले, अश्लील चित्रे दाखवू लागले, तेव्हा सगळ्यांचा समज असा, की कोणीतरी मीटिंगचे आकडे जुळवून आत येते. उपायही तसेच सुचवले गेले: पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम चालू करा. बॉस्टन आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनी दहा सेवांच्या लिंका समाजमाध्यमांवर कशा पसरत होत्या ते तपासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. 'या, आमच्या वर्गात गोंधळ घाला' अशी बहुतांश आमंत्रणे वर्गातल्याच मुलांनी दिली होती. पासवर्ड तेच फोडत होते, कारण तो त्यांना शिक्षकांनीच दिला होता. कुठले नाव वेटिंग रूममध्ये चालून जाईल तेही तेच कळवत. प्रत्येकाला वेगळी, एकदाच चालणारी लिंक दिली तरच फुटीर कोण ते सापडते, असे या अभ्यासाचे म्हणणे. शाळेत शिकवलेल्या कोणालाही हा निष्कर्ष वाचून नवल वाटणार नाही. तरी तो आकडेवारीने सिद्ध व्हावा लागला, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या ऑनलाइन सुनावणीत कोणीतरी अश्लील चित्रफिती दाखवल्या आणि न्यायालयाला काही काळ व्हिडिओ सुनावणी व थेट प्रक्षेपण बंद ठेवावे लागले. खुल्या न्यायालयाचे दार उघडे असलेच पाहिजे, आणि आलेल्याच्या हाती माइक मात्र जाता कामा नये. हा पेच कायदा आणि अभियांत्रिकी दोघांनी मिळून सोडवायचा आहे.

अभियांत्रिकीची आवड असलेल्यांनी सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करावी: कॉल 'सुरू' नेमका कधी होतो? जानेवारी २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या फेसटाइममध्ये असे आढळले, की कोणाला कॉल लावायचा आणि घंटी वाजत असतानाच आपलाच नंबर तिसरा सहभागी म्हणून जोडायचा, की पलीकडच्याने फोन उचलण्याआधीच त्याच्या खोलीतला आवाज ऐकू येई. गट-कॉल आता चालू आहे, अशी अ‍ॅपची समजूत होत असे. हे सापडले अ‍ॅरिझोनातल्या चौदा वर्षांच्या मुलाला, मित्रांबरोबर गेम खेळायची जुळवाजुळव करताना. त्याची आई आठवडाभर कंपनीला कळवायचा प्रयत्न करत होती. शेवटी अ‍ॅपलने गट-कॉलची सोयच काही दिवस बंद ठेवली. गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या चुका शोधणाऱ्या गटातल्या नताली सिल्व्हानोविच यांनी यावरून धागा पकडला: हा अपघात एकाच अ‍ॅपचा, की सगळ्यांचा? त्यांना सिग्नल, जिओचॅट, मोका, फेसबुक मेसेंजर आणि गूगल ड्युओ यांत त्याच जातीच्या चुका सापडल्या. कुठे आवाज, कुठे चित्राच्या काही चौकटी, उचलण्याआधीच पलीकडे जात होत्या. एन्क्रिप्शन सगळीकडे ठीक होते. गोंधळ पायऱ्यांच्या क्रमाचा होता. कॉल लवकर जुळावा म्हणून अ‍ॅप आधीच सगळी जोडणी करून ठेवते आणि 'हो' म्हणण्याची वाट बघत थांबते. ते थांबणे कोणी चुकीच्या जागी लिहिले, की झाले.

म्यूटच्या बटणाची गोष्टही अशीच आहे. लाल रेघ मारलेला माइक दिसला की आपण निर्धास्तपणे घरातल्यांवर ओरडतो. विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि लोयोला विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये ही रेघ खरी किती ते तपासले. कॅमेरा बंद केला की संगणकाची यंत्रणा तो खरोखर बंद करते, दिवा विझतो. माइकचे तसे नाही. म्यूट करणे हे ज्या-त्या अ‍ॅपच्या प्रामाणिकपणावर सोपवलेले असते, आणि तपासलेली अ‍ॅप म्यूट असतानाही अधूनमधून माइक वाचत होती. त्यात सिस्को वेबेक्स आवाजाच्या पातळीसारखे आकडे ठरावीक काळाने आपल्या सर्व्हरला पाठवत होते. शब्द नाहीत, नुसते आकडे. पण संशोधकांनी तेवढ्यावरून स्वयंपाक, साफसफाई, टायपिंग अशा सहा कामांपैकी कुठले चालू आहे ते सुमारे ८२ टक्के वेळा ओळखून दाखवले. कंपनीने नंतर ते पाठवणे थांबवले.

आकड्यांवरून शब्दांकडे जाण्याचा हा प्रकार जुना आहे. बोलण्याच्या आवाजात 'स' आणि 'आ' यांना दाबून ठेवायला कमी-जास्त जागा लागते. आवाज छोट्या छोट्या पाकिटांत जातो, आणि बँडविड्थ वाचवण्यासाठी अ‍ॅप प्रत्येक पाकीट गरजेपुरते लहान-मोठे करते. पाकिटाला कुलूप लावले तरी त्याची लांबी लपत नाही. चार्ल्स राइट, फेबियन मॉनरोज आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या लांब्यांवरून एकवीस भाषांपैकी कुठली बोलली जात आहे याचा अंदाज बांधून दाखवला, आणि पुढच्याच वर्षी ठरावीक वाक्ये हुडकली. यावरचा उपाय माहीत आहे: सगळी पाकिटे एकाच मापाची करायची. त्याला डेटा जास्त लागतो, म्हणून तो अनेकदा केला जात नाही. मराठीच्या ध्वनींवर, आपल्या 'ळ' आणि 'च'च्या दोन उच्चारांवर असे प्रयोग करायला एखाद्या विद्यार्थ्याने उतरावे, असे मला फार वाटते. भाषाशास्त्राच्या विभागाला संगणक विभागाशी बोलायला यापेक्षा चांगले निमित्त मिळणार नाही.

पण टोकांनाच सुरुंग लागला तर मधल्या कुलपाचे काय घेऊन बसलात? २०१९ मध्ये इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलमधली चूक वापरून सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केले. व्हॉट्सअ‍ॅपने कळवलेल्यांत भारतातले पत्रकार, कार्यकर्ते आणि वकील होते, नागपूरचे एक वकीलही. कॉल उचलण्याचीसुद्धा गरज नव्हती. मिस्ड कॉल पुरत असे. व्हॉट्सअ‍ॅपचे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन तेव्हाही जागेवर होते.

टोक म्हणजे नुसता फोनही नाही. टोक म्हणजे ती खोली, तिच्यातली माणसे, चष्म्याची काच. मिशिगन विद्यापीठातल्या आणि अन्य संशोधकांनी दाखवले आहे, की साध्या ७२० पी वेबकॅमवरूनही, बोलणाऱ्याच्या चष्म्यात पडलेल्या प्रतिबिंबातून त्याच्या पडद्यावरची १० मिलिमीटर उंचीची अक्षरे प्रयोगशाळेत ७५ टक्क्यांहून अधिक अचूकतेने वाचता येतात. दुसऱ्या एका गटाने खांद्यांच्या हालचालींवरून टाइप केलेल्या शब्दांचा अंदाज बांधला. हे प्रयोग वाचायला मजा येते आणि त्यांची भीतीही लवकर बसते. त्यांना त्यांच्या जागी ठेवायला शिकले पाहिजे. तुमच्या चष्म्यातली अक्षरे वाचायला येणारा माणूस तुमच्या आयुष्यात बहुधा नाही. तुमचा स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारा नक्कीच आहे.

इथे एक गोष्ट परदेशी ग्रंथांत फारशी सापडत नाही, ती आपल्याला लिहावी लागेल. ही सगळी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी गृहीत धरले आहे, की बोलणाऱ्याला दार लावता येणारी खोली आहे आणि फोन त्याचा एकट्याचा आहे. २०२०-२१ मध्ये आपल्याकडे चाळीतल्या एका खोलीत थोरलीचा वर्ग, धाकट्याची तोंडी परीक्षा आणि बापाची मीटिंग एकाच फोनवर पाळीपाळीने चालत होती. मागे भांडी घासणारी आई चौकटीत होती. तिला कोणी विचारले नव्हते. मुलांच्या वर्गात घराच्या भिंतीचे पोपडे दिसतात म्हणून कॅमेरा बंद ठेवणारी मुले होती, आणि कॅमेरा बंद म्हणून गैरहजेरी लावणारे शिक्षक होते. चौकटीत अनायासे येणाऱ्यांच्या हक्कांवर जगात आता कुठे बोलले जाऊ लागले आहे. ऑनलाइन परीक्षेआधी कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावणे घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेत क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात एका संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. आपल्याकडे त्या प्रश्नाला अजून वकील मिळालेला नाही.

कायद्याच्या अभ्यासकांना मात्र महाराष्ट्रात आयती सामग्री आहे. मुंबईतल्या एका शल्यचिकित्सकावरील खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायची होती. आरोपीच्या 'उपस्थितीत' साक्ष व्हावी असे कायदा म्हणतो, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये तो फिरवला: पडद्यावरची उपस्थिती ही उपस्थितीच. आजची प्रत्येक ऑनलाइन सुनावणी या निकालाच्या खांद्यावर उभी आहे. त्याच्याही आधीचा मलकानी खटला मुंबईच्या कोरोनरवरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या, लाचेच्या आरोपाचा. एका डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता, आणि बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती असेल तर असे रेकॉर्डिंग पुराव्यात चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले. पलीकडचा माणूस गुपचूप रेकॉर्ड करत असेल तर काय, या आजच्या तक्रारीची मुळे तिथपर्यंत जातात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कंपन्यांना बांधतो, पण एखाद्याने स्वतःच्या खाजगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागूच होत नाही. म्हणजे ज्यांच्याकडून सर्वाधिक धोका, त्या ओळखीच्या माणसांपुढे तो गप्प आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला खरा, परंतु भावजयीने काढलेल्या स्क्रीनशॉटवर तो कसा चालवायचा, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

शेवटी, ज्या प्रश्नाने सध्या सर्वांत जास्त माणसे नाडली जात आहेत, तिथे हे क्षेत्र सर्वांत दुबळे आहे. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्याची भिंत, टेबलावर झेंडा. तो सांगतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेरा बंद करू नका, घरात कोणाशी बोलू नका. २०२४ मध्ये पंजाबातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांना स्काइपवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून सात कोटी रुपयांना लुबाडले गेले. त्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनाही 'मन की बात'मध्ये यावर बोलावे लागले. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना पाहिले, ऐकले, आणि वीस कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. बैठकीतली बाकीची माणसे कृत्रिमरीत्या बनवलेली होती. या कॉलवर एन्क्रिप्शन असेल तर त्याने लुटारूलाही तितकेच संरक्षण दिले. वाहिनी सुरक्षित आहे हे सिद्ध करायला आपल्याकडे पन्नास वर्षांचे गणित आहे. समोरचा चेहरा खरोखर त्याच माणसाचा आहे हे सिद्ध करायला अजून धड काही नाही. आणि सायबर पोलिसांच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा, हे माणसाला आठवते तोवर बहुधा पैसे गेलेले असतात. भीती कशी काम करते, गणवेशापुढे आपण एवढे लवकर का वाकतो, हे शोधायला समाजशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हवे आहेत, आणि पीडितांशी त्यांच्या भाषेत, त्यांना न लाजवता बोलू शकणारे लोक हवे आहेत. संगणकवाल्यांनी एकट्याने हे काम केले तर ते पुन्हा एक लाल पट्टी पडद्यावर दाखवून मोकळे होतील.

तेव्हा या, कुठल्याही दाराने या. गणित येत असेल तर किल्ल्यांच्या वाटपापासून सुरू करा, कायदा येत असेल तर २००३ च्या निकालापासून. यांपैकी काहीच येत नसेल तर शेजारच्या आजोबांच्या फोनमध्ये कुठल्या अ‍ॅपला कॅमेऱ्याची परवानगी आहे, ती कोणी दिली आणि का दिली, हे त्यांना विचारून वहीत उतरवा. उत्तर बहुधा 'पुतण्याने' असे येईल, आणि तो पुतण्या हा अभ्यासाचा मोठा विषय आहे.

प्रयोग करायचा असेल तर वायरशार्क नावाचे, येणारी-जाणारी पाकिटे दाखवणारे फुकट साधन संगणकावर घ्या, स्वतःचे दोन फोन घ्या, स्वतःच्या वायफायवर स्वतःलाच कॉल लावा. मग म्यूट करून बसा आणि पाकिटे जातात का, किती लांबीची जातात, ते नोंदवत राहा. दुसऱ्याच्या बैठकीत डोकावू नका, भले तिचा पिन फोटोत दिसत असो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ वे कलम परवानगीशिवाय शिरणाऱ्याचा हेतू अभ्यासाचा होता की खोडीचा, हे विचारत बसेलच असे नाही. प्रयोगात दुसरा कोणी सामील असेल तर त्याची संमती आधी, लेखी घ्या, आणि ज्या खोलीतून तो बोलणार आहे तिथे आणखी कोण असते तेही विचारून त्यांचीही घ्या.